जुना पियानो : ४३५ वर ठेवावा की ४४० वर चढवावा?

सुरपेटी | १४ जून, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मुक्काम न्यू जर्सी. दोन महिन्यांपूर्वी पलीकडच्या गल्लीतल्या एका आजींनी घर विकायला काढलं आणि "उचलून नेणार असाल तर फुकट" या बोलीवर त्यांचा उभा पियानो आमच्या गळ्यात पडला. फुकट म्हणजे चार हमाल, एक ट्रक आणि तीनशे डॉलर. असो.

वरचं झाकण उघडलं तर आतल्या लोखंडी चौकटीवर ओतीव अक्षरांत लिहिलंय, "इंटरनॅशनल पिच ए ४३५". अनुक्रमांकावरून साल १९०६ निघतं. मला आधी वाटलं मॉडेल नंबर असेल. ए म्हणजे पेटीची पांढरी सहा, आणि ४३५ म्हणजे त्या सुराची सेकंदाला कंपनं, हे नंतर कळलं.

आता गोम अशी. मी पेटी वाजवतो (पुण्याहून आणलेली, खर्ज-नर म्हणजे रीडींच्या दोन लायनी, साडेतीन सप्तकं). लेक शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते. बायको काळी चारमध्ये गाते. घरच्या गणपतीत या सगळ्यांनी पियानोसकट एक तरी गाणं करायचं असा लेकीचा हट्ट आहे. सध्या पियानोजवळ पेटी उघडली की कुत्रा खोली सोडून जातो.

काल ट्यूनर येऊन गेला. त्याने मधला ए दाबला आणि फोनचा पडदा माझ्यापुढे धरला : ४४० या हल्लीच्या प्रमाण सुरापासून उणे ६२ सेंट. म्हणजे साधारण ४२४.५. मग म्हणाला, तीन पर्याय. आहे त्याच उंचीवर सगळे सूर आपसांत जुळवून देतो, किंवा चौकटीवर लिहिलंय तसं ४३५ ला नेतो, किंवा सरळ ४४०. मात्र वर चढवताना तारा तुटल्या तर तुमची जबाबदारी. "विचार करून सांगतो" म्हणून चहा पाजून पाठवला.

जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा. चौकटीवर ४३५ लिहिलं असताना ४४० ला नेलं तर चौकट तडकेल का? आणि हा ४३५ आला कुठून?

---

कोपऱ्यातला_बाजा | १४ जून, रात्री ११:१५

वाचतोय. (कुत्र्याचे कान चांगले आहेत.)

---

डोंबिवली_फास्ट | १५ जून, सकाळी ७:५०

डिजिटल घ्या ना राव. बटण दाबलं की ४१५, ४४०, ४४२, पाहिजे ते. शंभर वर्षांचं धूड कशाला सांभाळायचं?

---

खुंटीपिळ्या | १५ जून, सकाळी ९:३०

डिजिटलचा सल्ला येणार हे माहीतच होतं. डोंबिवलीकर, त्यांच्याकडे धूड आलेलं आहे, आता ते कसं सांभाळायचं एवढाच प्रश्न आहे.

सुरपेटी, मी धंद्याने ट्यूनर नाही, पण गेली बारा-तेरा वर्षं पुण्यात स्वतःचा आणि ओळखीपाळखीतले पाच-सहा पियानो जुळवतोय. सुरुवातीला दोन तारा तोडल्या आहेत, म्हणून थोडं अधिकाराने बोलतो.

सेंट म्हणजे काय ते आधी सांगतो, इथे पेटीवाले बरेच आहेत. पांढरी एक ते काळी एक या अंतराचे शंभर समान भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे सेंट. ४३५ आणि ४४० यांच्यात फक्त वीस सेंटचं अंतर आहे. तुमचा पियानो ६२ ने उतरलाय. म्हणजे "चौकटीवर लिहिलंय म्हणून ४३५ च" असं धरलं तरी ४२ सेंट चढवावाच लागणार. दोन तृतीयांश चढण तुम्ही तसेही चढणार आहात.

आता ताण. पियानोत सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात आणि एकेका तारेवर सत्तर-ऐंशी किलोचा ताण. सगळा मिळून चौकटीवर अठराएक टनांचा बोजा धरा. कंपनसंख्या वाढली की ताण तिच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आजच्या तुमच्या ४२४.५ वरून ४३५ ला गेलात तर साधारण आठशे-साडेआठशे किलो वाढतील. तिथून ४४० पर्यंत आणखी चारशे. अठरा टन पेलणाऱ्या ओतीव लोखंडाला हे वरचे चारशे किलो फार नाहीत. ४३५ ही चौकटीची कमाल मर्यादा नव्हे. त्या काळी ठरलेली पट्टी कोणती, तेवढंच कारखान्याने लिहून ठेवलंय.

धोका चौकटीला नसतो, दोन गोष्टींना असतो. एक, गंजलेल्या तारा. दुसरं, खुंट्या ज्या लाकडात ठोकलेल्या असतात ते लाकूड. लाकूड सुकून चिरलं असेल तर खुंटी पिळली की परत फिरते, मग ४४० काय आणि ४३५ काय, महिनाभरही टिकणार नाही. ट्यूनरला विचारा, खुंट्या हाताला घट्ट लागल्या का? त्याने तेवढं "हो" म्हटलं तर मी डोळे मिटून ४४० म्हणेन. क्लॅरिनेट आहे ना घरात.

---

चौकस_आजोबा | १५ जून, दुपारी १:०५

४३५ कुठून आला याबद्दल थोडं. (सवय आहे, रागावू नका.)

एकोणिसाव्या शतकात प्रत्येक गावाची पट्टी वेगळी. संगीतकार हँडेलचा म्हणून जपलेला सूरकाटा (ट्यूनिंग फोर्क) ४२२.५ च्या आसपास आहे. पुढे वाद्यवृंदांना चमकदार आवाजाचा मोह सुटला आणि सगळे वरवर सरकत गेले. लंडनमध्ये पट्टी ४५२ च्या वर पोचली. गायक कुरकुरायला लागले. ज्या रचना खालच्या पट्टीत बांधलेल्या, त्या अर्धी पट्टी वर म्हणायच्या म्हणजे वरच्या सुरांना घसा फाटणार. शेवटी फ्रान्स सरकारने १८५९ मध्ये कायद्याने ४३५ ठरवला. १८८५ मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत इतर देशांनीही तो उचलला. तुमच्या चौकटीवरचं "इंटरनॅशनल" ते हे.

आणि एक गंमत. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहात जर्मनीने जे जुने करार पाळायचे त्यांची यादी आहे. त्यात, कलम २८२ मध्ये, व्हिएन्नाचा हा सुराचा करारही आहे. सीमा, नुकसानभरपाई आणि मधला ए, सगळं एकाच कागदात.

४४० चं म्हणाल तर ती सूचना १८३४ मध्येच स्टुटगार्टला शाइबलर नावाच्या माणसाने केली होती. रेशमाचा व्यापारी! मग १९३९ च्या लंडनच्या परिषदेने तोच धरला, आणि १९५५ मध्ये आयएसओने (आंतरराष्ट्रीय मानक संस्था) शिक्का मारला.

---

इसारतीर | १५ जून, संध्याकाळी ६:२०

म्युनिकहून. इथे येऊन बघा, ४४० चा शिक्का कुणी मनावर घेत नाही. बर्लिन फिलहार्मोनिक ४४३ च्या आसपास जुळवतं, इतर बरेच वाद्यवृंद ४४२-४४३. आमच्या कॉयरच्या सरावाच्या खोलीतला पियानो ४४२ वर आहे. आणि दर बड्या मैफलीसाठी पियानो वरखाली करत बसत नाहीत. सभागृहाचा पियानो वर्षभर एकाच उंचीवर ठेवतात, बाकीचे त्याला जुळवून घेतात. एरवी वाद्यवृंद ओबो या फुंकवाद्याकडून ए घेतो, पण पियानो मंचावर आला की ओबोवालाच पियानोकडून घेतो. ज्याला हलता येत नाही त्याला मान.

पेटीवाल्यांसाठी : जुन्या संगीतासाठी इथे ४१५ चालतो, म्हणजे ४४० च्या बरोबर एक पट्टी खाली. त्यामुळे इथले हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचं की-बोर्डवालं वाद्य) बनवणारे की-बोर्ड एक घर बाजूला सरकेल असा बनवतात. डावीकडे ढकलला की ४१५, उजवीकडे ४४०. पहिल्यांदा बघितलं तेव्हा ओरडलेच, "अहो ही तर स्केल चेंजर पेटी!"

---

खुंटीपिळ्या | १५ जून, संध्याकाळी ७:०२

@इसारतीर, क्या बात. पण स्केल चेंजर पूर्ण पट्टीनेच सरकतो. वीस सेंटचं दुखणं त्याने जात नाही. सुरपेटींचं दुखणं वीस-बासष्ट सेंटचंच आहे, म्हणून तर हा धागा.

---

नादब्रह्म_४३२ | १५ जून, रात्री ९:४४

४४० ही मानवाच्या मज्जासंस्थेला घातक कंपनसंख्या आहे. युद्धकाळात लोकांना चिथावण्यासाठी ती मुद्दाम लादली गेली. निसर्गाची कंपनसंख्या ४३२ आहे. पियानो ४३२ वर लावा, घरात शांतता नांदेल.

---

चौकस_आजोबा | १५ जून, रात्री १०:१०

वर १८३४ लिहिलंय ते वाचलंत का? तेव्हा कुठलं महायुद्ध होतं?

४३२ ला खरा इतिहास आहे, तो सांगा की. इटलीत १८८४ मध्ये ४३२ चा सरकारी आदेश निघाला होता आणि ऑपेरावाला व्हेर्दी स्वतः खालच्या पट्टीच्या बाजूचा होता. कारण काय, तर गायकांचे गळे. मज्जासंस्था नव्हे. आणि ४३२ म्हणजे एका सेकंदात ४३२ वेळा. सेकंद माणसाने ठरवला. निसर्गाला त्याची कल्पना नाही.

---

डोंबिवली_फास्ट | १५ जून, रात्री १०:३०

घरात शांतता हवी असेल तर झाकण बंद ठेवा. कृपया हलके घ्या.

---

मांडवीकाठ | १६ जून, सकाळी ८:१५

पणजीहून. मी जरा वेगळ्या बाजूने सांगते.

आमच्या मावशीच्या घरी सासष्टीत एक जुना इंग्लिश पियानो आहे. पावसाळ्यात आत पंधरा-वीस वॅटचा बल्ब लावून ठेवतात, नाहीतर पट्ट्या फुगून अडकतात. बल्ब मिळेनासा झालाय ही वेगळीच रड. एलईडी गरम होत नाही. तर हा पियानो चाळीसएक सेंट खाली आहे. मुंबईहून आलेल्या एका वयस्क ट्यूनरने चार खुंट्या पिळून बघितल्या, खालच्या तारांवरची तांब्याची गुंडाळी नखाने खरवडून बघितली आणि म्हणाला, "बाई, ह्याला इथंच राहू दे." मग तिथल्या तिथे आपसांत जुळवून दिला. काय सुरेख लागलाय! घरात मांडो (आमची गोव्याची गाणी) होतात तेव्हा व्हायोलिनवाला आपल्या तारा उतरवतो, घुमटाला (मातीचं तालवाद्य) काही फरक पडत नाही, गाणाऱ्यांना गळ्याला खुंट्या नाहीत. कुणाची तक्रार नाही.

म्हणून माझं म्हणणं, आधी बघा तुमच्याकडे न हलणारं वाद्य कोणतं. नसेल तर चढवायची घाई करू नका.

---

खुंटीपिळ्या | १६ जून, सकाळी ९:००

अगदी बरोबर बोललात. सुरपेटींकडे न हलणारी दोन आहेत, क्लॅरिनेट आणि पेटी. क्लॅरिनेट बॅरल (तोंडाजवळचा नळीचा सुटा तुकडा) ओढून थोडं उतरवता येतं, पण ६२ सेंट नाही.

---

कोपऱ्यातला_बाजा | १६ जून, सकाळी ११:४०

क्लॅरिनेटचा विषय निघालाच आहे तर. चोर बाजारातून एक जुनं क्लॅरिनेट हौसेने घेतलं होतं. विकणारा म्हणाला, गोऱ्यांच्या बँडचं आहे. घरी की-बोर्डबरोबर वाजवलं तर कायम अर्धी पट्टी वर. बॅरल ओढून ओढून शेवटी हातात यायची वेळ आली. वरचे सूर उतरले, खालचे तिथेच, आता वाद्य स्वतःशीच भांडायला लागलं. भोकांमधलं अंतरच आखूड वाद्याच्या हिशेबाने पाडलेलं, नुसती नळी लांबवून काय होणार?

वर्षभराने भिंगातून बघितलं तेव्हा शिक्क्याखाली बारीक "एचपी" दिसलं. हाय पिच. ब्रिटिश लष्करी बँड १९२० च्या दशकापर्यंत ते जुनं ४५२ च घेऊन बसले होते. आता शोकेसमध्ये आहे. जुनं घेणाऱ्यांनी "एलपी", म्हणजे लो पिच, बघून घ्या.

---

सुरपेटी | १७ जून, सकाळी ६:३०

सगळ्यांचे आभार. ट्यूनरला फोन केला. खुंट्या घट्ट आहेत म्हणाला, लाकडाला चीर नाही. तारांवर गंज आहे, पण वरवरचा. ४४० सांगून टाकलं. शनिवारी येतोय. एकाच दिवसात होतं का हे?

---

खुंटीपिळ्या | १७ जून, सकाळी ९:१५

एका बैठकीत चढेल, पण बसायला महिना लागेल. सांगतो का ते.

तारा एका लाकडी पुलावरून जातात आणि तो पूल खालच्या फळीवर दाबलेला असतो. तुम्ही मधल्या तारा ताणल्या की फळी आणखी दाबली जाते, आणि आधी ताणलेल्या तारा आपोआप उतरतात. शेवटच्या सुरापर्यंत पोचेपर्यंत पहिला सूर पंधरा सेंट खाली गेलेला असतो. खाट विणताना नाही का, शेवटची नवार ओढली की पहिली सैल पडते. म्हणून पहिल्या फेरीत मुद्दाम जास्त चढवतात. ६२ सेंट चढवायचे असतील तर मधल्या-वरच्या तारा ४४० च्याही पंधराएक सेंट वर, खर्जात त्याहून कमी. ही फेरी धसमुसळी, भराभर उरकायची. मग दुसरी, मग निगुतीची तिसरी.

शनिवारी बघाच, तो प्रत्येक खुंटी आधी किंचित सैल करेल. बारीक "टिक" ऐकू येईल. गंजाने धरलेली तार सुटल्याचा तो आवाज. तो न ऐकता जो थेट वर पिळतो त्याच्या हातात तार तुटते. (अनुभव.)

आणि फोनवर गिटारचं ॲप लावून त्याचं काम तपासू नका! पियानोच्या तारा जाड आणि ताठ, त्यांचे वरचे स्वरांश (मूळ सुराबरोबर आपोआप उमटणारे बारीक सूर) हिशेबापेक्षा चढे निघतात. त्यामुळे चांगला ट्यूनर वरचं सप्तक मुद्दाम थोडं चढं आणि खर्ज थोडा उतरता ठेवतो. ॲप म्हणेल चूक, कान म्हणेल बरोबर. "पियानो ४४० ला लावला" म्हणजे खरं तर एकच ए ४४० ला लावला.

---

सुरपेटी | २१ जून, रात्री ११:००

झालं! साडेतीन तास. "टिक" मी मोजायला लागलो होतो, सत्तरनंतर सोडून दिलं. एक तार तुटली, वरच्या भागातली, खुंटीच्या वेढ्यापाशी. बंदुकीसारखा आवाज झाला, कुत्रा कोचाखाली. ट्यूनरने शांतपणे हत्यारांच्या पेटीतून तारेचं भेंडोळं काढलं, जाडी मोजली आणि नवी चढवली. म्हणाला, ही पुढचे काही महिने उतरत राहील, तेवढा एक सूर सहन करा.

पण नवीन प्रकरण निघालंय. रात्री पेटी काढली, पियानोचा ए आणि पेटीची पांढरी सहा एकत्र दाबली. वाँव-वाँव-वाँव. सेकंदाला तीन हेलकावे, घड्याळ लावून मोजले.

---

चौकस_आजोबा | २२ जून, सकाळी ७:२५

म्हणजे पेटी ४४३ किंवा ४३७. तीन ठोके म्हणजे तीनाचा फरक. वर की खाली ते ॲप सांगेल, इथे ॲप चालेल.

---

सुरपेटी | २२ जून, सकाळी ८:००

४४३.

---

इसारतीर | २२ जून, दुपारी २:१०

पेटी बर्लिनची दिसते :)

---

मांडवीकाठ | २२ जून, दुपारी ४:३०

पेटी उतरवून नाही का घेता येणार?

---

खुंटीपिळ्या | २२ जून, संध्याकाळी ६:४५

येते, पण साडेतीन सप्तकं गुणिले दोन लायनी म्हणजे चौऱ्याऐंशी रीडी. पितळी जीभ टोकाकडे खरवडली की सूर चढतो, बुडाकडे खरवडली की उतरतो. म्हणजे प्रत्येक जीभ बुडाशी घासायची, आणि घासलेलं पितळ परत येत नाही. चांगल्या लागलेल्या पेटीला बारा सेंटसाठी मी हात लावणार नाही. न्यू जर्सीत तर कुणाला लावूही देणार नाही.

त्यापेक्षा हे करा. पियानो बसायला दुसरी बैठक लागणारच आहे. ती ऑगस्टअखेर, गणपतीच्या जरा आधी ठेवा. तुमच्याकडे उन्हाळ्यात दमट हवा असते, फळी फुगून सूर थोडे चढतात, म्हणजे हवा तुमच्याच बाजूने आहे. त्या वेळी ट्यूनरला सांगा ४४२. ४४० पासून आठ सेंट, या पियानोला आता ते जड नाही. पेटीशी फरक उरेल एकाचा, सेकंदाला एकच हेलकावा, गाण्याच्या गडबडीत कळणार नाही. क्लॅरिनेट गरम झाल्यावर वर सरकतंच. नळीतली हवा एक अंश तापली की तीनेक सेंट. लेकीला दहा मिनिटं आधी वाजवायला सांगा आणि बॅरल पूर्ण आत.

---

नादब्रह्म_४३२ | २२ जून, रात्री ९:०५

४४२ तर आणखी घातक.

---

सुरपेटी | ३० ऑगस्ट, रात्री ९:२०

धागा वर काढतोय. ट्यूनर आज येऊन गेला. पियानो मधल्या भागात ४३८ ला उतरला होता, वरच्या सप्तकात त्याहून जास्त. ४४२ म्हटल्यावर त्याने भुवया उंचावल्या, "कुठल्या वाद्यवृंदासाठी?" पेटी आणून त्याच्यापुढे ठेवली. भाता मीच मारला. त्याने ए दाबला, कान लावला, मग सी, मग ई. फोन बंद करून खिशात टाकला आणि मधलं सप्तक पेटीकडे ऐकत ऐकत लावलं. शेवटी म्हणाला, तुमच्या पेटीचा ई माझ्या ईपेक्षा थोडा उतरता आहे, पण मला तो आवडला. त्याला म्हटलं, पुण्यात ज्याने पेटी लावली त्याला नक्की कळवतो.

जूनमधली नवी तार आजही सगळ्यांत खाली होती, तब्बल तीस सेंट. आणि तुटलेल्या तारेचा तुकडा लेकीने शाळेच्या दप्तराला बांधलाय.

---

खुंटीपिळ्या | ३० ऑगस्ट, रात्री ९:५५

तीस म्हणजे बरीच बरी आहे. डिसेंबरात हीटर सुरू झाले की सगळाच पियानो उतरेल, तेव्हा घाबरू नका आणि लगेच ट्यूनरला बोलावूही नका. खोलीत पाण्याचं भांडं नको, नीट ह्युमिडिफायर लावा. आणि गणपतीतलं रेकॉर्डिंग इथे टाका.

---

कोपऱ्यातला_बाजा | ३० ऑगस्ट, रात्री १०:०२

कुत्र्याचा अभिप्राय पण.